चॅनल बदलणारा अंगठा

ठाण्याहून एका आईचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

घोडबंदर रोडवरचं दोन बेडरूमचं घर. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, सोबत सासूबाई, नववीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. रात्रीचं जेवण टीव्हीसमोर होतं, कारण सासूबाईंच्या मालिका त्याच वेळेला असतात. परवा मालिकेच्या मध्येच डिओडरंटची जाहिरात लागली. त्यातल्या पुरुषाने अंगावर फवारा मारला आणि लिफ्टमधली बाई थेट त्याच्या अंगाशी आली. बाबांनी नेहमीप्रमाणे चॅनल बदललं. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही दर वेळी इथेच का बदलता?" कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी तिला भाजी वाढली. त्याच आठवड्यात मुलगा मित्राशी फोनवर बोलत असताना आईच्या कानावर पडलं. विषय वर्गातल्या एका मुलीचा होता. "नाही म्हणाली म्हणजे भाव खातेय रे. लगेच हो कोण म्हणतं? मागे लागायचं असतं." आईच्या पोटात गोळाच आला. नवरा म्हणतो, केबल काढून टाकू आणि वायफायचा पासवर्ड बदलू. बहीण म्हणते, हल्लीच्या मुलांना सगळं माहीत असतं, तू उगाच टेन्शन घेऊ नकोस. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आई विचारते : मुलांशी या गोष्टी बोलायच्या तरी कशा? मुलाशी मी बोलू की त्याच्या बाबांनी बोलावं? आणि बोलल्यामुळेच नको ते डोक्यात भरलं तर?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या लेकीने विचारलाय. "इथेच का बदलता?" बाबांचा अंगठा कुठल्या क्षणी हलतो, हे तिने बरोबर टिपून ठेवलंय. बाबांना जाहिरात लपवायची होती. झालं असं की तिच्याभोवती लाल पेनने गोल काढला गेला.

आमच्या नौपाड्यातल्या घरी ही कामगिरी आईकडे होती. रिमोट नव्हताच. रविवारच्या सिनेमात नायक-नायिका जवळ यायला लागली की आई म्हणायची, "अगं, दूध उतू जातंय का बघ." दूध कधीही उतू जात नसे. बरेचदा गॅसवर पातेलंसुद्धा नसे. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे आणि तिथून गाणं ऐकायचे. एकदा कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाची, निरोध या कंडोमची जाहिरात लागली तेव्हा मी भर बैठकीच्या खोलीत विचारलं, "निरोध म्हणजे काय?" बाबा म्हणाले, "औषध आहे, मोठ्या माणसांचं." पुढची पाच-सहा वर्षं मी ते ब्लडप्रेशरचं औषध समजत होते. सांगायचं एवढंच, की तुमच्या घरात काही वेगळं घडत नाहीये. ही आपली पिढीजात पद्धत आहे, फक्त दुधाच्या जागी रिमोट आलाय.

आता तुमच्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. तुम्ही पत्रात ती जाहिरात आणि ते फोनवरचं बोलणं एकापाठोपाठ लिहिलंय, जणू पहिल्यातून दुसरं आलं. मला तसं वाटत नाही. "मागे लागायचं असतं" हे त्या लिफ्टमधल्या जाहिरातीत नाही. तिथे तर बाई न बोलावताच येते. मग हे वाक्य आलं कुठून?

तुमचं पत्र वाचल्यावर मी मुद्दाम दोन संध्याकाळी मालिका बघत बसले. नाव सांगत नाही, कारण हा प्रसंग तुम्हाला कुठल्याही वाहिनीवर सापडेल. तो तिची वाट अडवतो. ती बाजूने निघू बघते. तो तिचं मनगट धरतो. बंद खोलीत वारा सुटतो, बासरी वाजते, आणि तेच मनगट तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. ती म्हणते, "सोडा ना, कुणीतरी बघेल." हे वाक्य जरा थांबून ऐका. "मला नको आहे" असं ती म्हणत नाही. "कुणीतरी बघेल" म्हणते. म्हणजे हात धरण्याला हरकत नाही, अडचण फक्त बघणाऱ्यांची. मग तो हसतो, ती लाजते, आणि सोफ्यावरून कुणीतरी म्हणतं, "काय गोड जोडी आहे!" या वेळी अंगठा हलत नाही. आमटी वाढा म्हणतात.

लैंगिक संदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उघडं अंग आणि चुंबन येतं. ते दिसलं की आपण सावध होतो. पण मागे कुणी लागायचं, नाही म्हणायचं काम कुणाचं, त्या 'नाही'चं पुढे काय करायचं, कॅमेरा कुणाच्या अंगावरून वरखाली फिरतो, हेही लैंगिक संदेशच आहेत. आणि ते साडीत, दागिन्यांत, देवघरासमोर, आजीच्या शेजारी बसून पोहोचतात. तुमच्या मुलाने जे शिकलंय ते तुम्ही बंद केलेल्या भागातून नाही, सगळ्यांनी मिळून निवांत पाहिलेल्या भागातून शिकलंय, असा माझा दाट संशय आहे.

सगळं खापर मालिकांवर फोडणं बरोबर नाही, हेही सांगते. वर्गातली पोरं आहेत, रील्स आहेत. आणि आपण आहोत. लग्नाच्या पंगतीत एखादे काका रंगात येऊन सांगतात, "ही आधी नाहीच म्हणत होती, सहा महिने हिच्या बसस्टॉपवर उभा राहिलो तेव्हा कुठे..." आपण सगळे हसतो. काकू मान खाली घालून हसतात. नववीतला मुलगा हेही ऐकत असतो.

तुमच्या नवऱ्याची काळजी निराधार नाही. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी १२ ते १७ वयाच्या मुलांची पाहणी केली होती. टीव्हीवर लैंगिक आशय जास्त पाहणारी मुलं पुढच्या वर्षभरात शरीरसंबंधांकडे वळण्याचं प्रमाण अधिक दिसलं. हा अभ्यास २००४ चा. पण त्याच्या एक वर्ष आधीचा त्याच संस्थेचा अभ्यास मला तुमच्यासाठी जास्त कामाचा वाटतो. २००१ साली तिकडच्या एका लोकप्रिय विनोदी मालिकेत कंडोम निकामी ठरल्याचा प्रसंग होता. तो भाग पाहिलेल्या मुलांशी बोलल्यावर असं आढळलं, की ज्यांचं त्यावर घरातल्या मोठ्या माणसाशी बोलणं झालं होतं त्यांना कंडोमबद्दलची खरी माहिती जास्त नीट लक्षात राहिली होती. मालिका सगळ्यांनी तीच पाहिली होती. ती मुलं तिकडची, आपल्याकडे सगळं तंतोतंत तसंच घडेल असं मी म्हणणार नाही. पण "बोलल्यामुळे डोक्यात भरेल का" या तुमच्या भीतीला यात थोडं उत्तर आहे. डोक्यात ते आधीच असतं. प्रश्न एवढाच, की तिथे ते एकटं असतं की सोबत तुमचंही एखादं वाक्य असतं.

मग कुलूप लावायचं की नाही? लावा. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर ७+, १३+, १६+ आणि फक्त प्रौढांसाठी असे शिक्के आले आहेत, आणि १३+ पासून पुढच्या आशयाला पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावी लागते. सेट-टॉप बॉक्समध्येही पिनची सोय असते. सहावीतल्या मुलीसाठी ते हवंच. नववीतल्या मुलाला मात्र सांगून लावा, चोरून नको. एक गोष्ट फक्त लक्षात ठेवा. मनगट धरणारी ती मालिका कुठल्याच कुलपात अडकणार नाही. ती 'सहकुटुंब' आहे.

कुलपांची आणखी एक गंमत. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना कळवलं होतं, की कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात दाखवा. पुढे खुलासा झाला, की सुरक्षित संबंधांची माहिती देणाऱ्या, उत्तान नसलेल्या जाहिरातींना हे लागू नाही. तरी बघा, कंडोम विकणाऱ्यांना घड्याळ लावून दिलं गेलं, आणि फवारा मारला की बाई आपोआप येते, हे जेवणाच्या वेळेला चालतं.

बहिणीचं म्हणणं मला पटत नाही. मुलांना शब्द माहीत असतात. शब्द माहीत असणं आणि अर्थ कळणं यातलं अंतर किती असतं, ते मी ब्लडप्रेशरच्या गोळीवरून सांगितलंच.

आता बोलायचं कसं. "इकडे ये, बस, तुझ्याशी बोलायचंय" अशी सुरुवात करू नका. या वाक्याने चौदा वर्षांच्या मुलाचे कान मिटतात. फोनवरचं ऐकलंय हेही लगेच सांगू नका. पाळत ठेवल्यासारखं वाटलं की तो पुढचे फोन गच्चीवर जाऊन करेल. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलण्याचा हा विषयच नाही. क्लासला सोडायला जाता ना गाडीने? मग माजिवड्याच्या सिग्नलला किंवा कापूरबावडीला अडकलात की बोला. दोघांची नजर समोरच्या टेम्पोवर, दार उघडून पळता येत नाही, आणि वेळ भरपूर. घोडबंदरच्या ट्रॅफिकचा एवढा तरी उपयोग करून घ्या.

"तुला काय वाटतं?" याचं उत्तर "काही नाही" असं येतं. त्यापेक्षा नेमकं आणि थोडं वेडंवाकडं विचारा. "काल त्याने तिला जिन्यात अडवलं, तेव्हा ती ओरडली असती तर पुढे काय दाखवलं असतं?" "ती खरंच नाही म्हणत असेल तर त्या हिरोला ते कळायला काही मार्ग आहे का?" "हेच तिने त्याला अडवून केलं असतं तर बासरी वाजली असती का?" उत्तर नाही आलं तरी चालेल. गाडी पुढे घ्या. प्रश्न डोक्यात राहतो.

एक प्रश्न मात्र टाळा : "तुझ्या बहिणीला कुणी असं केलं तर?" हा आपल्या सगळ्यांच्या ओठावर असतो, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. पण त्यातून मुलगा असं शिकतो, की मुलगी कुणाची तरी बहीण आहे म्हणून तिला जपायचं. तिचं 'नाही' हे तिचं स्वतःचं आहे म्हणून मानायचं असतं, भाऊ असो वा नसो.

जाहिरातींसाठी आवाज बंद करून बघण्याचा खेळ चांगला. ठाण्यातल्या एका शाळेत मी नववीच्या वर्गाला वीस सेकंदांची एक जाहिरात आवाज बंद करून दाखवली होती आणि काय विकतायत ते ओळखायला सांगितलं होतं. उत्तरं आली : परफ्यूम, फ्लॅट, गाडी, टूथपेस्ट. होता बनियन. मग दुसऱ्यांदा लावली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने घड्याळ लावून मोजलं. "मॅडम, बनियन चारच सेकंद आहे." टीव्हीवर जाहिरातीची वेळ दहा-दहा सेकंदांच्या दराने विकली जाते, हे मी त्यांना सांगितलं. मग तोच म्हणाला, "म्हणजे सोळा सेकंदांचे पैसे बाईसाठी दिले?" त्यापुढे मला काही शिकवावं लागलं नाही. मुलं आणि मुली भांडायलाच लागली, की बाईसाठी की बघणाऱ्यासाठी. कुणीतरी आपल्याला गंडवतंय हे कळलं की या वयातली मुलं फार चिडतात. संस्कारांच्या गप्पांपेक्षा हा राग जास्त उपयोगी पडतो. घरी करून बघा, तुमची सहावीतली लेक मोजणीत सगळ्यांना हरवेल असं वाटतंय.

मुलाबद्दल अजून थोडं. त्याचं वाक्य ऐकून तुम्ही घाबरलात, पण मला त्यात एक गोंधळलेला मुलगाही ऐकू येतो. त्याला, किंवा त्याच्या मित्राला, एका मुलीने नाही म्हटलंय. नकार घेऊन घरी कसं यायचं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. मालिकेत नकार मिळालेले दोनच प्रकारचे पुरुष असतात. एक हिरो, जो शेवटी होकार मिळवतो. दुसरा खलनायक, जो सूड घेतो. नकार मिळाला, वाईट वाटलं, दोन दिवस जेवण गेलं नाही, मग मित्रांबरोबर क्रिकेट खेळायला गेला, असा मुलगा मी तरी कुठल्या मालिकेत पाहिलेला नाही. त्याला घेऊन कथा पुढे जात नाही ना.

म्हणून "मी बोलू की बाबांनी" याचं उत्तर : दोघांनी. पण हा नकाराचा भाग बाबांनी. तुमच्या नवऱ्याला कधीतरी कुणीतरी नाही म्हटलं असेलच. नसेल तर त्यांचा सत्कार करायला हवा. त्यांनी तो किस्सा सांगावा, आपण कसे हिरमुसलो होतो, कसं तोंड लपवत फिरलो, ते सगळं. हिरोपणा न करता. आणि तुम्ही तुमच्या बाजूचं सांगा. कॉलेजात असताना कुणी मागे लागलं होतं का? स्टेशनपर्यंत कुणी चालत यायचं का? तेव्हा बासरी वाजत होती की पोटात भीती होती? मुलांना आईची ही बाजू माहीतच नसते. हे मी अनेक घरांत पाहिलंय, की या एका आठवणीने मुलगा जितका गप्प होतो तितका कशानेच होत नाही.

कायदाही त्याला माहीत असावा. मुलीने रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार तिच्या मागे जाणं, मेसेज करत राहणं हा गुन्हा आहे. तो २०१३ पासून कायद्यात आहे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये. पण हे पहिल्याच बोलण्यात काढू नका. आधी माणूस कळू दे, पोलीस नंतर.

सासूबाईंना या सगळ्यातून बाहेर ठेवू नका. मालिकेत पुढे काय होणार हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्यांनाच विचारा, "आई, हा असा हात धरतो ते तुम्हाला आवडतं का हो?" काय उत्तर येईल सांगता येत नाही, आणि त्यातच मजा आहे. त्या म्हणतात आमच्या वेळी असलं नव्हतं. नव्हतं कसं? त्यांच्याही आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी कर्वे हरले आणि दंड भरावा लागला. सल्ल्याचं सदर लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हा दंड अधूनमधून आठवतो.

मुलांना काही करायला हवं असेल तर तक्रार लिहू द्या. आस्की, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी या व्यवसायाचीच परिषद, १९८५ पासून आहे. तिच्याकडे कुणीही ऑनलाइन तक्रार करू शकतं. स्त्री-पुरुषांचं साचेबद्ध चित्रण करू नये यासाठी तिने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्याच वर्षी जूनमध्ये डिओडरंटच्याच एका जाहिरातीवर लोक इतके संतापले, की मंत्रालयाने ती काढून टाकायला लावली. मालिकांसाठी मनोरंजन वाहिन्यांचं वेगळं तक्रार मंडळ २०११ पासून आहे. पडद्याच्या तळाशी सरकणारी ती बारीक पट्टी आपण कधी वाचत नाही, तिच्यात त्याचा पत्ता असतो. तक्रारीचं काय होईल ते होवो. "आम्हाला नेमकं काय खटकलं" हे चार ओळींत लिहायला बसलं की दोघांना विचार करावाच लागेल.

एक इशारा देऊन ठेवते. मूल अचानक गप्प झालं, एखाद्या नातेवाइकाला किंवा शिक्षकांना टाळायला लागलं, वयाला न शोभणारं काही बारकाव्याने सांगू लागलं, तर तो टीव्हीचा विषय नसतो. तेव्हा प्रश्नोत्तरांचे खेळ नकोत. शांतपणे ऐकून घ्या, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा किंवा समुपदेशकाकडे जा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. इतर वाचकांसाठी लिहून ठेवलं.

राहिली तुमची लेक. तिचा प्रश्न अजून तसाच पडून आहे, आणि त्याचं उत्तर बाबांनीच द्यायला हवं, कारण तिने त्यांना विचारलंय. भाषण नको. "तू विचारलंस ना, मी इथेच का बदलतो? मला लाज वाटते, काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून बदलतो. आणि त्या जाहिरातीत बाईला खेळण्यासारखं दाखवलंय, तेही मला आवडत नाही." एवढं पुरे. यावर ती बहुधा "बरं" म्हणेल आणि पापड मागेल. पण पुढच्या वेळी ती जाहिरात लागली की रिमोटवर हात कुणाचा आहे आणि काय होतं, ते मला कळवा. सासूबाई काय म्हणाल्या, तेही.